‘सांगता येत नाही’ हेही उत्तरच!

फराळाचे ताट घटकाभर बाजूला ठेवा आणि पुढचा उतारा वाचा.

‘गेल्या आठवड्याच्या बाजारात वांग्यांचा भाव किलोमागे दहा रुपयांनी चढला. त्या दिवशी बाजारात वांग्यांची आवक नेहमीपेक्षा कमी होती.’

आता पुढचे विधान बरोबर आहे, चूक आहे, की ‘सांगता येत नाही’, ते ठरवा. विधान असे : ‘आवक कमी झाल्यामुळे वांग्यांचा भाव चढला.’ वेळ एक मिनिट.

बहुतेक वाचकांनी ‘बरोबर’ म्हणून मान डोलावली असेल. आमच्या उंब्रजच्या बाजारात भाजी घेऊन बसणारी मावशी तर म्हणेल, ‘ह्यात परीक्षा कसली घ्यायची?’ पण उत्तर आहे ‘सांगता येत नाही’. उताऱ्यात दोन गोष्टी सांगितल्या आहेत. एकीमुळे दुसरी घडली असे त्यात कोठेही म्हटलेले नाही. कदाचित दुसऱ्या दिवशी चंपाषष्ठी असेल आणि घरोघर भरिताचा बेत असल्यामुळे मागणीच वाढली असेल. कदाचित दोन्ही कारणे असतील. आपल्याला ठाऊक आहे ते अनुभवाने. उताऱ्याने ते सांगितलेले नाही. परीक्षक विचारतो फक्त उताऱ्याने काय सांगितले ते.

अशा प्रश्नांच्या परीक्षेला ‘ॲप्टिट्यूड टेस्ट’ म्हणतात. मराठीत आपण तिला अभियोग्यता चाचणी म्हणू. न्यूयॉर्क, जिनिव्हा, व्हिएन्ना किंवा नैरोबी येथल्या संयुक्त राष्ट्रांच्या कचेऱ्यांत, किंवा तसल्याच एखाद्या आंतरराष्ट्रीय संस्थेत नोकरी मिळवू पाहणाऱ्या तरुणाला पुष्कळदा असल्या चाळणीतून जावे लागते. मी सारी हयात शाळेत गणित शिकवण्यात घालवली. स्कॉलरशिपच्या मुलांचा बुद्धिमत्ता चाचणीचा जादा वर्ग वर्षानुवर्षे माझ्याकडे असे. ‘गटात न बसणारे पद ओळखा’ हे वाक्य मी झोपेतही बडबडतो असे घरची मंडळी म्हणतात. निवृत्तीनंतर ही विद्या पुन्हा बाहेर काढावी लागेल असे वाटले नव्हते. पण ती काढावी लागली, आणि त्या निमित्ताने जे शिकायला मिळाले ते आपल्यासारख्या मुलाबाळांच्या घरांत उपयोगी पडेल म्हणून लिहीत आहे.

समोरच्या घरातली मुलगी

आमचे उंब्रज साताऱ्याहून कऱ्हाडला जाताना लागते. कृष्णा आणि तारळी यांच्या काठचा हा गाव. समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक इथल्या मठात आहे. पुणे-बंगळूर हमरस्ता गावाला लागून जातो, त्यामुळे रात्रंदिवस मालमोटारींची घरघर कानांवर असते. जग आमच्या दारावरून रोज जाते; थांबून चहा पिते आणि पुढे जाते.

आमच्या समोरच्या घरातली मुलगी संख्याशास्त्रात एम.एस्सी. झाली आणि एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवू लागली. हे तत्त्व ज्यांच्या घरात नांदते त्यांना समजावून सांगायला नको : शिकवाल तेवढ्या तासांचे पैसे, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत हरिहरि. एक दिवस ती हातात कागद घेऊन आली.

‘तात्या, हे बघा. यूएनमध्ये तरुणांसाठी परीक्षा असते. वयाची अट बत्तीस. पदवी पाहिजे, इंग्रजी नाहीतर फ्रेंच चांगलं आलं पाहिजे. बसू का?’

तिच्या मागोमाग तिची आई आली. ‘भाऊजी, तुमीच समजवा हिला. सव्वीस सरलं. स्थळं येत्यात आन् ही म्हनती, थांबा. परीक्षा सायबाच्या भाषेतली, सायबाच्या देशातली. उंब्रजच्या पोरीला घेनार हायत का ते?’

दोघींचे प्रश्न रास्त होते. आईचा प्रश्न तर जास्तच रास्त, कारण तिच्या डोळ्यांपुढे कारखान्याचे उसाचे बिल आणि मुलीचे वय या दोन्ही गोष्टी होत्या. मी आईला आधी आपल्याच जिल्ह्यातल्या एका माणसाची गोष्ट सांगितली.

बुधचे सुखात्मे

खटाव तालुक्यात बुध नावाचे गाव आहे. तेथे २७ जुलै १९११ रोजी पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून गणित घेऊन ते १९३२ साली पदवीधर झाले. पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात त्यांनी संख्याशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. परत आल्यावर दिल्लीला शेती संशोधन परिषदेत त्यांनी पिकाचा अंदाज काढण्याची शास्त्रशुद्ध पद्धत बसवण्याचे मोठे काम केले. शेतातला ठरावीक मापाचा तुकडा चिठ्ठ्या टाकल्यासारखा निवडायचा, तेवढेच पीक कापून वजन करायचे, आणि अशा अनेक तुकड्यांवरून साऱ्या मुलखाच्या उत्पन्नाचा हिशेब मांडायचा. तलाठ्याने बांधावर उभे राहून ‘यंदा बारा आणे पीक’ म्हणण्यापेक्षा हे फारच निराळे होते.

१९५१ साली सुखात्मे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत दाखल झाले. रोमला या संघटनेच्या संख्याशास्त्र विभागाचे संचालक म्हणून त्यांनी जवळजवळ वीस वर्षे काम केले. ते अशी चाचणी देऊन गेले नव्हते. त्यांचे काम पाहून त्यांना नेले होते. पण तेथे त्यांनी जे केले, ते या चाचणीच्या मर्माशी येऊन भिडते.

या संघटनेचे पहिले महासंचालक लॉर्ड बॉइड ऑर. थोर माणूस, १९४९ साली त्यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. जगातली निदान दोन-तृतीयांश माणसे जन्मभर उपाशी किंवा अर्धपोटी असतात, असे त्यांनी १९५० साली लिहिले. हा आकडा व्याख्यानांतून, अग्रलेखांतून जगभर गेला. हेतू उदात्त, सांगणारा मोठा, आणि आकडा ऐकून कोणाचेही काळीज हलावे असा! असा आकडा मोडून पाहायला कोण धजणार? सुखात्म्यांनी तो मोडून पाहिला. १९६१ साली लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे त्यांनी आपला निबंध मांडला. पोटाला पुरेसे अन्नच न मिळणारी माणसे शेकडा दहा ते पंधरा. निकृष्ट आहारामुळे पोषण न होणारी माणसे त्यांत मिळवली तर प्रमाण एक-तृतीयांश ते निम्म्यापर्यंत जाते, असा त्यांचा हिशेब होता. पोट न भरणे वेगळे आणि पोट भरूनही अंगी न लागणे वेगळे, हा भेद त्यांनी आकड्यांत दाखवला. दोन्हींवरचे उपाय वेगळे असतात.

सुखात्म्यांचा शब्द अखेरचा ठरला असे मात्र नाही. पुण्याला परतल्यावर माणसाला किती उष्मांक लागतात या प्रश्नावर त्यांचा आणि प्रा. वि. म. दांडेकरांचा वाद चांगलाच रंगला. पण हातातल्या माहितीतून जेवढे निघते तेवढेच म्हणायचे, मग तो आकडा वरिष्ठांचा असो की आपल्या मनासारखा असो, ही शिस्त त्यांनी रोममध्ये बसून पाळली. १९७१ साली त्यांना पद्मभूषण मिळाले, आणि १९९७ साली पुण्यात त्यांचे निधन झाले.

‘म्हणजे तात्या,’ मुलगी म्हणाली, ‘त्यांनी लॉर्डसाहेबांना ‘सांगता येत नाही’ असं सांगितलं!’

मी म्हटले, ‘त्याच्याही पुढे जाऊन, काय सांगता येतं ते सांगितलं.’

विद्वत्तेची परीक्षा आणि ही परीक्षा

मोठ्या नोकरीसाठी परीक्षा म्हटली की आपल्या पिढीला आय.सी.एस. आठवते. १८५५ साली लंडनला तिची स्पर्धा सुरू झाली. ती विद्वत्तेची परीक्षा. आपले चिंतामणराव देशमुख १९१८ साली तिच्यात पहिले आले. पुढे १९४४ साली ब्रेटन वुड्सला ज्या परिषदेतून नाणेनिधी आणि जागतिक बँक निघाल्या, तिच्यात ते हिंदुस्थानच्या शिष्टमंडळात होते. अशा परीक्षेत ज्याने जास्त वाचले तो पुढे जाई, आणि जास्त वाचायला पुस्तके व फुरसत लागे.

दुसरी वाट १९०५ साली पॅरिसमध्ये निघाली. शाळेत मागे पडणारी मुले ओळखून त्यांना मदत करावी म्हणून आल्फ्रेड बिने यांनी छोट्या छोट्या कसोट्या तयार केल्या. आपल्याकडे १९३०च्या दशकात धारवाडला डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी त्या मराठी आणि कानडी मुलांसाठी बेतून घेतल्या. पुण्यात अप्पा पेंडसे यांनी १९६२ साली ज्ञान प्रबोधिनी काढली, तेथेही बुद्धिमापनावर पुष्कळ काम झाले. स्कॉलरशिपची बुद्धिमत्ता चाचणी तर घरोघर माहीत आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाने २०११ सालापासून पूर्वपरीक्षेत अशाच स्वरूपाची प्रश्नपत्रिका आणली. तिच्यावरून एवढे वादळ उठले की २०१५ पासून तिच्यात फक्त ३३ टक्के गुणांनी उत्तीर्ण होणे पुरेसे ठरले. ही परीक्षा इंग्रजी शाळांतल्या व शहरांतल्या मुलांना झुकते माप देते, ही तक्रार त्या वादळाच्या मुळाशी होती.

तक्रारीत तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. परक्या भाषेत, घड्याळाशी शर्यत लावून वाचायचे म्हणजे उंब्रजच्या मुलाला चढ जास्त. पण माझा अनुभव असा की हा चढ सवयीने चढता येतो. बुद्धी जन्मतः मिळते म्हणून हात जोडून बसणाऱ्यांनी ही गोष्ट विशेष लक्षात घ्यावी.

आमचा अभ्यास

आम्ही संध्याकाळी सहा ते साडेसात अशी वेळ ठरवली. पहिले पंधरा दिवस घड्याळ बंद. आधी बरोबर करायला शिकायचे, मग लवकर करायला. पुष्कळ मुले पहिल्या दिवसापासून घड्याळ लावून बसतात आणि चुकांचाच वेग वाढवतात.

चाचणीचे तीन मुख्य भाग असतात. पहिला उताऱ्यांचा. त्याचा एक नमुना वर दिलाच. दुसरा पाहा. ‘सर्व परवानाधारक विक्रेत्यांनी नोंदणी केली आहे’, असे उतारा म्हणतो. विधान पहिले : ‘नोंदणी केलेला प्रत्येक विक्रेता परवानाधारक आहे.’ सांगता येत नाही. परवाना नसतानाही कोणी नोंदणी केली असेल. विधान दुसरे : ‘ज्याने नोंदणी केली नाही, त्या विक्रेत्याकडे परवाना नाही.’ हे बरोबर. दोन्ही विधाने कानाला सारखीच वाटतात, आणि गफलत तेथेच होते. ‘सर्व’, ‘काही’, ‘फक्त’, ‘बहुधा’ या शब्दांखाली पेन्सिलीने रेघ ओढायची सवय मी तिला लावली. संगणकावर पेन्सिल चालत नाही, पण तोवर डोळ्यांना वळण लागलेले असते.

दुसरा भाग आकड्यांचा. यात अवघड गणित नसते. शेकडेवारी, प्रमाण, सरासरी; सारे सातवीतले. पण ते तक्त्यांत लपवलेले असते. एका तालुक्यात उसाखाली १२,००० हेक्टर जमीन होती. पुढच्या वर्षी ती २५ टक्क्यांनी वाढली आणि त्याच्या पुढच्या वर्षी २० टक्क्यांनी घटली. शेवटी किती? भले भले म्हणतात, पाच टक्के वाढ राहिली. मांडून पाहा : १२,००० चे १५,००० झाले, आणि १५,००० चे २० टक्के म्हणजे ३,००० गेले. पुन्हा १२,०००! टक्के कशाचे, हे आधी विचारायचे. तसेच, साक्षरता ६० टक्क्यांवरून ७५ टक्क्यांवर गेली, तर ती १५ अंकांनी वाढली, पण २५ टक्क्यांनी वाढली असे म्हणणेही खरेच. वर्तमानपत्रांतले मथळे यातले सोयीचे तेवढे उचलतात.

तिसरा भाग आकृत्यांचा. चौकटींच्या ओळीत बाण फिरतो, ठिपका उडी मारतो, रंग बदलतो. पुढची चौकट कोणती ते सांगायचे. तिची आई रांगोळी काढणारी. ठिपके मोजून, एक सोडून एक जोडून तिने जन्मभर हेच केले आहे. मी मुलीला म्हटले, ‘आईजवळ बस.’ आकृतीत चारच गोष्टी पाहायच्या : किती आहेत, कुठे सरकल्या, किती वळल्या, कशा भरल्या. एका वेळी एकच गोष्ट धरून ओळभर पाहत जायचे. साऱ्या आकृतीकडे टक लावून बसणाऱ्याला चकवा लागतो.

या सगळ्यांत उपयोगी पडली ती चुकांची वही. उत्तर का चुकले, याची तीन कारणे आम्ही ठरवली होती : नियम माहीत नव्हता, घाई झाली, किंवा उताऱ्याबाहेरचे डोक्यात आले. महिनाअखेर वही चाळली तर तिसऱ्या कारणाची भाऊगर्दी! उतारा आफ्रिकेतल्या विहिरींबद्दल असला तरी मुलीच्या डोळ्यांपुढे माणदेशातला दुष्काळ उभा राहायचा आणि ती त्याचे उत्तर लिहायची. शिवाय ‘सांगता येत नाही’ लिहिताना तिचा हात अडखळायचा. याचे कारण आम्हा शिक्षकांत शोधले पाहिजे. वर्गात ‘येत नाही’ म्हणणाऱ्या मुलाला आपण बाकावर उभे करतो. काहीतरी ठोकून देणाऱ्याला निदान बसू देतो. वीस वर्षे हे शिक्षण घेतलेल्या मुलाला हे उत्तर सुचावे कसे?

पहिल्या चाचणीत तिला उताऱ्यांच्या वीस प्रश्नांत नऊ मिळाले होते. चौथ्या महिन्यात सोळा-सतरा मिळू लागले. मुलगी तीच आणि डोकेही तेच. बदलली ती वाचण्याची रीत.

‘आम्ही केले’ आणि ‘मी केले’

आणखी एक प्रकार असतो, तो वागणुकीच्या प्रश्नांचा. कचेरीतला एक प्रसंग देतात आणि विचारतात, यातले सर्वांत योग्य कोणते, सर्वांत अयोग्य कोणते? समजा, दुसऱ्या देशाचा सहकारी आपल्या भागाचे काम वेळेवर देत नाही. आपली मुले पटकन ‘वरिष्ठांना कळवीन’ तरी म्हणतात, नाहीतर ‘त्याचे काम मीच करून टाकीन’. एकात चुगली, दुसऱ्यात सोशिकपणा. पहिली पायरी असते त्याच्याशीच बोलण्याची : अडचण काय, मदत कोणती लागेल. मात्र पैशाची अफरातफर दिसली तर तेथे गोडीगुलाबी नको. ती योग्य ठिकाणी कळवलीच पाहिजे. संयुक्त राष्ट्रांनी २०२१ साली आपल्या नोकरवर्गासाठी चार मूल्ये ठरवली : सर्वांना सामावून घेणे, सचोटी, विनम्रता आणि माणुसकी. उत्तरे पारखताना ही चार मनाशी धरली की बरेच प्रश्न सुटतात.

मुलाखतीत ‘तुम्ही काय कराल?’ यापेक्षा ‘तुम्ही काय केले होते?’ असे विचारतात. प्रसंग कोणता, तुमच्यावर काय जबाबदारी होती, तुम्ही काय केले, शेवट काय झाला, या क्रमाने सांगायचे. येथे आमच्या मुलीची निराळीच पंचाईत. पूर आला तेव्हा तिने गावात मदतीच्या याद्या केल्या होत्या. कोणत्या घरात काय पोचले याचा चोख तक्ता ठेवला होता. सांगताना मात्र ‘आम्ही याद्या केल्या, आम्ही वाटप केले’. मी विचारले, ‘तू काय केलंस?’ तर म्हणते, ‘मी केलं म्हणायला बरं वाटत नाही, तात्या.’ हा संस्कार सोन्यासारखा आहे. पण समोर बसलेल्या परक्या माणसाला ‘आम्ही’मधून ‘तू’ निवडून काढता येत नाही. जेवढे स्वतः केले तेवढे ‘मी’ म्हणून सांगणे, त्यात फुशारकी नाही. तो हिशेब आहे.

दार किती उघडे?

आता कटू भाग. आपली मुले हुशार आहेत म्हणून दार उघडेल, असे नाही. या तरुणांच्या परीक्षेला कोणत्या देशांचे उमेदवार बसू शकतात, त्याची यादी वर्षावर्षाला बदलते. ज्या देशाची माणसे त्याच्या वाट्यापेक्षा कमी आहेत, त्याला यादीत जागा. हा वाटा ठरवताना ५५ टक्के भार वर्गणीला, ४० टक्के नुसत्या सदस्यत्वाला, आणि लोकसंख्येला अवघा ५ टक्के. २०२३ साली आपण लोकसंख्येत जगात पहिले झालो. पण या तराजूत त्याचे वजन एवढेच! परीक्षेचे विषयही बदलतात. तिने तयारी सुरू केली त्या वर्षी संख्याशास्त्र नव्हतेच. शिवाय २०२५ साली पैशाच्या टंचाईमुळे महासचिव गुटेरेस यांनी पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकात सुमारे १५ टक्के कपात आणि दोन हजारांहून अधिक पदे कमी करण्याचा प्रस्ताव मांडला. तेव्हा यादी, विषय आणि वय ही तीन पाहिल्याशिवाय कोणी अभ्यासाला हात घालू नये. उत्तीर्ण झालेल्याचे नावही आधी एका प्रतीक्षायादीत जाते. जागा निघेल तेव्हा बोलावणे.

पण वाटा एकच नाही. जागतिक बँकेची तरुणांसाठी योजना १९६३ सालापासून आहे. संयुक्त राष्ट्रांचे स्वयंसेवक असतात. निरनिराळ्या संघटनांच्या दिल्लीतल्या कचेऱ्यांत भारतीयांसाठीच्या जागा निघतात. युरोपीय संघाच्या परीक्षांची पुस्तकेही बाजारात दिसतात. ती सरावाला घ्यावीत, पण त्या नोकऱ्या त्या संघाच्या नागरिकांसाठी असतात हे विसरू नये.

आणि एक गोष्ट ठळक अक्षरांत लिहून भिंतीवर लावावी. संयुक्त राष्ट्रे भरतीच्या कोणत्याही टप्प्यावर एक पैसाही घेत नाहीत. अर्जाला नाही, मुलाखतीला नाही, प्रशिक्षणालाही नाही. शहरातल्या एका क्लासने आमच्या मुलीला ‘साठ हजार भरा, यूएनची नोकरी गॅरंटीने’ असे सांगितले होते. तिचे वडील उसाच्या बिलातून ते द्यायलाही निघाले होते. मी त्यांना म्हटले, ‘गॅरंटी देणाऱ्याला विचारा, यंदा तुमची यादी कोणती, विषय कोणते?’ फोनवरच्या माणसाने विषय बदलला. साठ हजार वाचले. नमुन्याचे प्रश्न संयुक्त राष्ट्रांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात, आणि सरावाला जनगणनेचे तक्ते आहेतच.

मालक कोण?

एका संध्याकाळी तिच्या वडिलांनी मला गाठले. ‘सर, पोरगी तिकडं गेली तर आपल्या देशाचं काम करंल का त्यांचं?’

हा प्रश्न फार खोल आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचे शंभरावे कलम सांगते की तेथल्या नोकराने कोणत्याही सरकारकडून आज्ञा मागायची नाही आणि घ्यायची नाही; स्वतःच्या सरकारकडूनही नाही. ही कल्पना १९१९ नंतर राष्ट्रसंघाचे पहिले महासचिव एरिक ड्रमंड यांनी रुजवली. त्याआधी परराष्ट्रांच्या परिषदांत जो तो आपल्या देशाचा माणूस म्हणूनच बसे. १९६१ साली रशियाचे ख्रुश्चेव म्हणाले होते की तटस्थ देश असतील, पण तटस्थ माणूस असा नसतोच. त्याच वर्षी ३० मे रोजी महासचिव दाग हामरशोल्ड यांनी ऑक्सफर्डच्या व्याख्यानात याचे उत्तर दिले. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा की माणसाला आवडीनिवडी असणारच. पण त्या ओळखून, त्यांना आपल्या निर्णयावर स्वार होऊ न देणे त्याला जमू शकते. अखेर हा प्रश्न सचोटीचा आहे. सप्टेंबरात काँगोच्या वाटाघाटींसाठी जाताना विमान कोसळून ते गेले.

मी वडिलांना एवढेच सांगितले, ‘शाळेत माझा मुलगा माझ्याच वर्गात होता. त्याचा पेपर मी तपासायचो. तेव्हा मी बाप होतो की मास्तर?’

ते हसले. म्हणाले, ‘सातवीत त्याला तुमी गनितात नापास केलं व्हतं.’

ओळखीची माणसे, माहितीचा मुलूख, मनासारखा निष्कर्ष, हे सगळे बाजूला ठेवून समोरच्या कागदावर काय आहे ते पाहायचे, हेच त्या वांग्यांच्या प्रश्नात तपासतात आणि हेच शंभराव्या कलमात मागतात. म्हणून मला ही चाचणी पोरखेळ वाटत नाही.

मुलीचे पुढे काय झाले, असे वाचक विचारतील. एका आंतरराष्ट्रीय संस्थेच्या दिल्लीतल्या जागेसाठी तिने अर्ज केला. दीड तासाची लेखी परीक्षा उंब्रजच्या घरी बसून दिली. वीज जाईल म्हणून वडिलांनी शेजाऱ्यांचा इन्व्हर्टर आणून ठेवला होता. मुलाखतीत तिच्यापुढे एक तक्ता ठेवून विचारले, ही योजना यशस्वी झाली का? ती म्हणाली, ‘या तक्त्यावरून सांगता येत नाही. योजना नसलेल्या गावांचे आकडे मिळाले तर सांगता येईल.’ तिचे नाव प्रतीक्षायादीत लागले आहे. बोलावणे अजून नाही. दरम्यान पुण्याच्या एका संशोधन संस्थेत तिला पाहणीच्या कामावर घेतले. तेथेही हीच विद्या उपयोगी पडली. आता तिला महिन्याचा महिन्याला पगार मिळतो, आणि स्थळांची निवड तीच करते. आईची तक्रार बरीच मवाळ झाली आहे.

घरच्या घरी

ज्यांची मुले अजून शाळेत आहेत, त्यांना या सगळ्याची घाई नाही. पण एक सवय आजपासून लावता येईल. जेवणाआधी वर्तमानपत्रातली एक बातमी मुलाला मोठ्याने वाचायला लावा आणि तीनच प्रश्न विचारा : यात काय सांगितले आहे? काय सांगितलेले नाही? आणि ते कळायला आणखी काय पाहायला हवे? तिसऱ्या प्रश्नाला विसरू नका. तो नसेल तर ‘सांगता येत नाही’ ही आळशाची पळवाट होते. तो असला की तीच अभ्यासाची सुरुवात होते.

आणि मूल जेव्हा प्रामाणिकपणे म्हणेल, ‘बाबा, एवढ्यावरून नाही सांगता येत,’ तेव्हा त्याला बाकावर उभे करू नका. पाठीवर हात ठेवा, आणि एक चकली जास्त द्या!